मगरमानवाचा उजवा हात

१

माझी पाळी तीनला सुटते. साडेतीनला मी घरी असते, पावणेचारला चहा होतो, आणि चहाचा कप घेऊन मी वडिलांच्या खाटेशेजारी बसते व त्यांना लोकांनी घातलेल्या शिव्या वाचून दाखवते.

घाबरू नका, मुलगी एवढी वाया गेलेली नाही. त्या शिव्या प्रेक्षकांच्या असतात. पन्नास वर्षांपूर्वी दमणगंगेच्या काठावर ‘मगरमानव’ नावाचा एक काळापांढरा सिनेमा निघाला होता. शास्त्रज्ञाचं अणूचं औषध नदीत सांडतं, मगर दोन पायांवर उभी राहते आणि गावात शिरते, एवढीच गोष्ट. मगरीचा पोशाख ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूब कापून शिवला होता, शेपटीत भाताचा पेंढा भरला होता आणि त्या पोशाखात माझे वडील होते. सुकदेव त्यांचं नाव, आम्ही नाना म्हणतो. साक्रीहून तंबूतल्या सिनेमाबरोबर सामान उचलायला आले होते. उंची सहा फूट दोन इंच, तेवढ्या एका गुणावर त्यांना मगर केलं. पडद्यावर नाव आलं नाही आणि सिनेमा आठवडाभरही चालला नाही. नाना मात्र सिल्वासात राहिले, कारखान्यात लागले, तिथल्याच आमली भागात दोन खोल्या घेतल्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कल्पेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे या सिनेमाची सीडी होती. दोन वर्षांपूर्वी त्यानं ती नेटवर आपल्या चॅनेलवर टाकली आणि खाली मतांचा पाऊस पडला. ‘राक्षसाच्या पाठीवरची शिवण उसवली आहे.’ ‘वासोण्याच्या सफारीतला सिंह झोपेत याच्यापेक्षा बरा अभिनय करतो.’ ‘माझे सासरे सकाळी असेच फिरायला निघतात.’ नाना ही मतं ऐकून खाटेवर मांड्या थोपटत हसायचे आणि मग उठून, दोन्ही हात वर करून, मगरीसारखे चालून दाखवायचे.

मागच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं, नंतर आशा कमी होत जाते. व्यायाम करून घ्यायला येणारी ममता, खेरडी गावची मुलगी, मला म्हणाली की त्यांच्याशी रोज बोला. आता बोलायचं काय? आमच्या घरात बोलणारे नाना, ऐकणाऱ्या मी आणि आई. माझ्या चाळीशीला आलेल्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. म्हणून मी मतं वाचायला लागले. अकरा महिने झाले. नाना छताकडे बघत राहतात.

२

माघ महिन्यातली गोष्ट. नवं मत आलं होतं: ‘राक्षसाचा उजवा हात का हलत नाही? एका हातानं गाव उद्ध्वस्त करतोय, आळशी कुठला.’

मला राग आला. शिव्या घाला, पण निदान बघून घाला. मी खाली लिहिलं की एक्केचाळिसाव्या मिनिटाला तो बैलगाडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो, डोळे तपासून घ्या. दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘ताई, तो गाडी डाव्या हातानं ओढतो. तुम्हीच तपासा.’

मी तिथेच, नानांच्या शेजारी बसून, एक्केचाळिसावं मिनिट लावलं. मगरमानव झाडीतून आला. उजवा पाय फरफटत होता. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. त्यानं डाव्या हातानं गाडीचं जू धरलं आणि ती चिखलातून ओढत नेली.

हा प्रसंग मी या दोन वर्षांत किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. गाडी वर जायची, तिच्यातलं गवत मगरीच्या डोक्यावर सांडायचं आणि नाना म्हणायचे, ते गवत आठ दिवस कानातून निघत होतं. आता गवत सांडत नव्हतं. मी स्वतःला समजावलं की माणसाची आठवण भरवशाची नसते, नानांच्या सांगण्यावरून मीच मनात चित्र काढलं असेल. समजूत चांगली होती. रात्रीच्या जेवणापर्यंत टिकली.

३

सामरवरणीच्या एका सुताच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासते. काम सोपं आहे. सुताच्या प्रत्येक लॉटमधून थोडं सूत घ्यायचं, त्याचा मोजा विणायचा, रंगवायचा आणि मास्टर नमुन्याशेजारी ठेवून दिव्याखाली बघायचा. छटा जुळली तर पास. नाही जुळली तर लॉट अडवायचा आणि कोणत्या तारखेपासून बिघडलं ते मागे मागे जाऊन शोधायचं. चौदा वर्षं हेच केल्यावर हात आपोआप तसे वळतात.

मतं वाचताना मी नेहमी वरची, जास्त गाजलेली मतं आधी वाचायची. तारखांची सरमिसळ असायची. दुसऱ्या दिवशी मी कल्पेशच्या दुकानात गेले. त्याच्या संगणकावर प्रत्येक मताची नेमकी तारीख दिसते. मी वही काढली आणि सगळी मतं तारखेप्रमाणे उतरवून घेतली.

पहिलं वर्षभर लोक लिहीत होते: दोन्ही हात वर केले की काखेतला टाका दिसतो. गाडी उचलतो तो प्रसंग भारी. दोन्ही हातांनी झाड हलवताना झाडच खोटं वाटतं. मग एका तारखेपासून उजव्या हाताबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं नाही. लंगडतो का? हात दुखावला होता का? नट बदलला का?

ती तारीख मागच्या होळीच्या दुसऱ्या दिवसाची होती.

मी कल्पेशला मूळ सीडी लावायला सांगितली. नेटवरचं काहीही होऊ शकतं, पण सीडी तर खणात पडलेली असते. आमचा मास्टर नमुनाही असाच खणात असतो, कुणी हात लावत नाही. त्यानं फडक्यानं पुसून लावली. मगरमानव आला, पाय ओढत, एका हातानं.

“बेन, हे तर पहिल्यापासून असंच छे,” कल्पेश म्हणाला. “तुमी आजच पाहिलं के?”

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याला खरोखरच तसं आठवत होतं. मास्टर नमुनाच बदलला तर लॉट कशाशी जुळवायचा, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

४

मग मतं पाण्याबद्दल यायला लागली.

सिनेमाच्या शेवटी सैनिक गोळ्या झाडतात आणि मगर गर्जना करून नदीत कोसळते. आता लोक लिहीत होते की राक्षस कोसळत नाही, नुसता पाण्यात उभा राहतो आणि कॅमेऱ्याकडे बघतो. एकानं लिहिलं, पाणी गुडघ्यापर्यंत आहे. चार दिवसांनी दुसऱ्यानं लिहिलं, कमरेपर्यंत. मी दर वेळी लावून पाहायची आणि शेवटच्या माणसानं लिहिलं असेल तेवढंच पाणी असायचं. मतं सिनेमाच्या मागून येत होती की सिनेमा मतांच्या मागून, मला कळेना.

नाना त्या आठवड्यात कमी जेवले. ममतानं सांगितलं की डाव्या बाजूचा जोरही उतरतोय.

खोलीत एक आवाज यायला लागला होता. ओल्या रबरावर रबर घासल्याचा, हळू, थांबून थांबून. नानांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली आहे, तिचा पंप चालू असतो, म्हटलं गादीच असणार. एका दुपारी मी पंप बंद करून पाहिला. घुरघुर थांबली. रबराचा आवाज चालूच राहिला. तो खाटेखालून येत नव्हता. खाटेवरूनही नव्हता. नाना आणि भिंत यांच्यामध्ये जी वीतभर जागा आहे तिथून येत होता आणि खोलीत नदीच्या गाळाचा वास होता. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले. आईला विचारलं, वास येतो का? ती म्हणाली, मोरी तुंबली असेल.

शुक्रवारी मत आलं: ‘पाणी छातीपर्यंत आलंय. बिचाऱ्याला कुणीतरी बाहेर काढा.’

मला भीती वाटली, सरळ सांगते. नाना बुडताहेत आणि शेकडो माणसं काठावर बसून शेरे मारताहेत, असं मला वाटलं. कारखान्यात जे केलं असतं तेच मी केलं. लॉट अडवला. कल्पेशला फोन करून सांगितलं की सिनेमा काढून टाक, आत्ताच्या आत्ता. त्यानं फार विचारलं नाही आणि काढून टाकला.

५

शनिवारी चहाचा कप घेऊन मी नानांजवळ बसले. वाचायला काही नव्हतं. आज उकाडा आहे, असं म्हणाले. मग चहा संपेपर्यंत गप्प बसले. रविवारीही तसंच. सोमवारी बसलेच नाही, कपड्यांच्या घड्या करत राहिले.

रबराचा आवाज थांबला होता. वासही गेला होता. खोली इतकी शांत होती की स्वयंपाकघरात आई लसूण सोलत होती ते ऐकू येत होतं. मला वाटलं, जमलं.

मंगळवारी ममता आली. तिनं नानांच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, हाक मारली, तळपायाला टोचलं. मग मला दाराबाहेर बोलावलं.

“ताई, काका आवाजाकडे डोळे वळवायचे. मागच्या मंगळवारपर्यंत वळवत होते,” ती म्हणाली. “आता वळवत नाहीत. घरात काय बदललं?”

मी म्हटलं, काही नाही.

“तुम्ही वाचून दाखवता ना रोज?”

अकरा महिने मला वाटत होतं की नाना छताकडे बघतात. ते डोळे माझ्याकडे वळत होते ते मी पाहिलंच नव्हतं, कारण माझे डोळे फोनवर होते. मी बुडणाऱ्या माणसाच्या काठावरची सगळी माणसं हाकलून दिली होती आणि त्यांच्यात मीही होते. होळीला बारा दिवस राहिले होते, तिथे डॉक्टरांचं वर्ष संपत होतं.

६

कल्पेशनं सिनेमा परत टाकला, पण जुनी मतं पुसली गेली होती. पाहणारे शून्य, मतं शून्य. वहीतली जुनी मतं मी वाचून पाहिली, पण माझाच आवाज मला हजेरी घेतल्यासारखा वाटला. ती माणसं आता बघत नव्हती ना.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनमध्ये चिंधाच्या टेबलाशी गेले. चिंधा मशीन चालवतो, नंदुरबारकडचा, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याचा. कारखान्यात मी कुणाकडे काही मागत नाही. माझ्या हाताखालून माल परत जातो, म्हणून माझ्याशी लोक जपूनच बोलतात. मी त्याला सांगितलं की माझे वडील एका सिनेमात मगर झाले होते, ते आजारी आहेत, तुम्ही सगळ्यांनी तो बघा आणि मत लिहा. फक्त एक अट घातली. मला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नाही, दिसेल तेच लिहायचं.

“ताई, तुम्ही आमना माल नापास करतस, आज आम्ही तुमना बापले तपासतस,” चिंधा म्हणाला आणि आख्खं टेबल हसलं. मीही हसले.

त्या दिवशी सोळा मतं आली. पहिलं मत असं: ‘पाणी गळ्यापर्यंत. नुसतं डोकं दिसतं.’ तरी मी नानांच्या कानाशी बसून मोठ्यानं वाचलं आणि पुढचंही वाचलं: ‘एवढ्या थंड पाण्यात काय करता नाना, सर्दी होईल, निघा बाहेर.’

मग मी फोनवरून नजर काढली. नानांचे डोळे माझ्याकडे वळले होते.

गुरुवारी मशीनवाल्यांनी पॅकिंगवाल्यांना सांगितलं, पॅकिंगवाल्यांनी त्यांच्या खोल्यांवरच्या माणसांना. ‘खांदे दिसले.’ ‘काल छातीपर्यंत होतं, आज कमरेपर्यंत उतरलंय, मीच चुकलो का?’ ‘उजव्या हाताचं बोट हललं. तीनदा मागे नेऊन पाहिलं. हललं.’ हे शेवटचं चिंधानं लिहिलं होतं. शनिवारी नानांचा अंगठा हातात धरून ममता म्हणाली, “काका, परत करा.” जाताना तिनं चहा मागून घेतला.

रबराचा आवाज परत आला होता. आता तो थांबत नव्हता. मी त्याच्यावर आवाज चढवून वाचत होते.

७

होळीच्या आदल्या दिवशी मी पावणेचारला बसले. खिडकीतून ऊन नानांच्या पायांवर आलं होतं. आई स्वयंपाकघरात डाळ शिजायला टाकत होती. नवी मतं एकवीस होती. मी एकेक वाचत गेले. तो किनाऱ्याला आला. त्यानं दोन्ही हातांनी झाडाचं मूळ धरलं. तो चढतोय. सैनिक बंदुका खाली ठेवून बघत उभे आहेत, हा कसला सिनेमा आहे? मला हसू येत होतं आणि अक्षरं पुसट होत होती, डोळे सारखे पुसावे लागत होते.

सगळ्यात खालचं मत एका मिनिटापूर्वीचं होतं. मी ते वाचून टाकलं, अर्थ नंतर लागला.

“यात राक्षस कुठे आहे? नुसती नदी आहे.”

मी सिनेमा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटानं पुढे सरकवत गेले. गाव होतं, गाडी होती, ओरडत पळणाऱ्या बाया होत्या. मगर कुठेच नव्हती. शेवटी नदीचा काठ आला. पाणी अजून हलत होतं, नुकतंच कुणीतरी बाहेर पडल्यावर हलतं तसं. काठावरच्या चिखलात पावलं होती आणि ती कॅमेऱ्याच्या दिशेनं आली होती.

रबराचा आवाज थांबला.

फोन खाली करायला मला फार वेळ लागला. संपलं असेल तर संपू दे, पण मी बघेपर्यंत संपलेलं नाही, असा माझा हिशेब चालला होता. गाळाचा वास एवढा दाट होता की जिभेवर येत होता. मग खाटेची लोखंडी पट्टी कुरकुरली आणि मी बघितलं.

पट्टीवर एक हात होता. उजवा. तो नानांच्या हातापेक्षा मोठा होता, त्याच्यावर घड्या होत्या, जाड टाके होते आणि बोटांमधून पाणी ठिबकत होतं. पण मला श्वास घेता येईना तो त्यामुळे नाही. त्याला रंग नव्हता. चादर निळी होती, ऊन पिवळं होतं, पट्टीला हिरवा रंग दिलेला होता, आणि त्या सगळ्यात तो हात सिनेमातल्यासारखा करडा होता. चौदा वर्षं छटा बघणारी बाई आहे मी, माझी चूक होणार नाही. त्या हाताची मूठ पट्टीभोवती आवळली. मग मनगटापासून रंग यायला लागला. आधी मातकट, मग तपकिरी, मग नखांखाली गुलाबी. रविवारी मीच कापलेली नखं. एका बोटाला मी जरा जास्त खोल कापलं होतं, ती खूणही तिथे होती.

नाना माझ्याकडे बघत होते. ओठ दोनदा नुसते हलले. तिसऱ्यांदा आवाज आला, जाड, पाण्यातून आल्यासारखा.

“मझार,” ते म्हणाले. मझार म्हणजे आत. ते थांबले, श्वास घेतला. “मझार भलतं अंधारं व्हतं.”

मी त्यांचा हात धरला. तो ओला होता, थंड होता, आणि तो माझा हात दाबत होता. मला किती रडू आलं ते मी लिहीत नाही.

“तुना आवाज येत व्हता,” नाना म्हणाले.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वर्षभरानं घरात पुरुषाचा आवाज ऐकून आईला वाटलं असणार की कुणी पाहुणा आला.

“अश्विनी, कोन उनं वं?” तिनं आतून विचारलं, कोण आलं म्हणून.

मी तोंड उघडलं, पण नानांनी मला बोलू दिलं नाही. उशीवरून मान उचलली आणि दाराकडे बघत, सबंध ताकद लावून, त्यांनीच उत्तर दिलं.

“मी उनू.”